जुनी दुनळी आणि ब्रेनेके गोळी: एका हंगामानंतर

बायकोचं माहेर फ्रान्समध्ये, झेर्सच्या टेकड्यांत. सासऱ्यांच्या आग्रहाखातर शिकारीचा परवाना काढला. परीक्षा ३१ गुणांची, पास व्हायला २५ लागतात आणि प्रात्यक्षिकात बंदूक धोकादायक धरली की थेट घरी. सप्टेंबर ते फेब्रुवारी वापरलेल्या बंदुकीबद्दल हे लिहितोय.

बंदूक सेंट-एतिएनची, बारा बोअरची, सेकंड हँड. जुनी दुनळी घेत असाल तर नळ्यांखालचे शिक्के आधी वाचा. कित्येकींचा चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) ६५ मिलिमीटरचा असतो, त्यात आजची ७० ची काडतुसं घालायची नाहीत. माझी ७० ची निघाली. वजनाला हलकी, खांद्याला पटकन लागते. दणका मात्र कडक. पहिल्या सरावानंतर खांदा जांभळा.

इथे रानडुकरावर छर्रे चालत नाहीत, गोळीच हवी. मी ३१.५ ग्रॅमची ब्रेनेके वापरली, म्हणजे काडतुसात छर्ऱ्यांऐवजी एकच जड गोळी. पन्नास मीटरवर कागद लावला तर उजवी नळी ठीक, डावीची गोळी वीतभर बाजूला. नळ्या जुळवलेल्या असतात छर्ऱ्यांसाठी. एकच जड गोळी गेली की दोघी आपापल्या वाटेला. शेवटी ठरवलं, डुकरासाठी फक्त उजवी, तीही पस्तीस मीटरच्या आत.

आणि गंमत म्हणजे हाकाऱ्यात त्याहून लांबचा बार फारसा मिळतही नाही. मोक्यावर, म्हणजे नेमून दिलेल्या जागेवर, उभं राहिलं की आधी शेजाऱ्याच्या दिशेने पाच पावलं, तिथून काटकोनात तीन पावलं, तिथे काठी रोवायची. दुसऱ्या बाजूलाही तसंच. झाला तीस अंशांचा कोन, त्या पट्ट्यात बार काढायचा नाही. डिसेंबरात मक्याच्या कापलेल्या शेतातून एक मोठा डुक्कर आला, वीस मीटरवर, कुत्री मागे. बोट घोड्यावर गेलंच होतं. पण तो काठीच्या पलीकडे, आणि त्याच्यामागे झुडपात नारिंगी जाकीट. बंदूक खाली. सासरे दिवसभर काही बोलले नाहीत; संध्याकाळी मांसाचे वाटे घालताना मात्र मागच्या पायाचा तुकडा माझ्या पिशवीत टाकला. (सासूबाई तो वाइनमध्ये तीन तास शिजवतात. डुकराच्या मांसात जंत असू शकतात, त्यामुळे आत गुलाबी राहिलेलं त्यांना चालत नाही.)

अख्ख्या हंगामात डुकरावर चार बार काढले, एक लागला. कोकणात आजोबांकडे भात राखायला ठासणीची बंदूक होती. एवढ्या बारांत त्यांची दारूसुद्धा गरम झाली नसती.

फक्त डुकरासाठीच बंदूक हवी असेल तर ही घेऊ नका, रायफल घ्या. मी मात्र विकणार नाही. ऑक्टोबरात पालोंब कबुतरांचे थवे दक्षिणेकडे निघतात, तेव्हा छर्रे भरले की डावी नळी उजवीपेक्षा सरस आहे.