ड्रेंच गन, लटकता काटा नि लोकर मशीन: दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंत मेंढरांवर वापरल्यावर

मागच्या दिवाळीनंतर मेंढरांसाठी तीन वस्तू घेतल्या, औषध पाजायची गन, लटकवायचा डिजिटल काटा आणि लोकर कापायचं मशीन. मधे उन्हाळा गेला, कोकरं झाली, अख्खा पावसाळा काढला, त्यामुळं आता त्यावर बोलायला हरकत नाही. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, बाजारात एकसारखाच माल दहा नावानं मिळतोय, तेव्हा वस्तू हातात घेऊन काय बघायचं ते सांगतो. आमच्याकडं माण तालुक्यात, खांड म्हंजे मेंढरांचा कळप मोठा नाही, दख्खनी जातीच्या मेंढ्या जास्त आणि थोड्या माडग्याळ जातीच्या.

पहिलं काट्याचं सांगतो. सगळे गनबद्दलच विचारतात पण माझं स्पष्ट मत आहे की काटा नसेल तर गन घेऊन फार काही साधत नाही. जंताचं औषध वजनावर असतं. आमच्या डॉक्टरांनी अल्बेंडाझोल किलोला ७.५ मिलीग्रॅम सांगितलंय, अडीच टक्क्याच्या बाटलीत १ मिलीला २५ मिलीग्रॅम औषध असतं, म्हंजे दर १० किलोला ३ मिली झालं. आता दख्खनी मेंढी २५ किलोची असली तर साडेसात मिली, शेजारी उभी असलेली माडग्याळ ४२ किलोची असली तर साडेबारा मिलीच्या वर. आणि गावोगाव पद्धत काय, तर बाटलीच्या टोपणानं सगळ्यांना सारखंच! त्यात मोठ्या जनावराला कमी पडतं, कमी पडलं की जे जंत चिवट असतात तेवढेच मागं उरतात, त्यांचीच पैदास होते, आणि मग दोन-चार वर्षांत लोक म्हणायला लागतात की या औषधाला आता गुणच नाही.

नजरेनं वजन सांगणारे जुने लोक आहेत, त्यांचा अंदाज खरंच चांगला असतो, पण लोकर वाढलेली असताना नजर फसतेच. हाडाला हात लावल्याशिवाय आतलं जनावर कळत नाही. टेपनं छातीचा घेर मोजायची पद्धत पण आहे, इंचात घेराचा वर्ग गुणिले लांबी आणि भागिले ६६०, किलो येतात. गाई-म्हशीला ठीक आहे, लोकरीच्या मेंढीला टेप नीट बसत नाही.

काटा घेताना १०० किलोपर्यंतचा घ्या आणि त्यात होल्डचं बटण आहे का ते आधी बघा. जनावर लटकलं की हलतं, आकडा नाचत राहतो, होल्डवर तो थांबतो. बाभळीच्या फांदीला काटा अडकवायचा, पोत्याचा नाहीतर पट्ट्यांचा झोळणा करून त्यात चार पाय बाहेर काढून मेंढी उचलायची, दोन माणसं लागतात. झोळणा अडकवून आधी शून्य करून घ्यायचं. उन्हात आकडा दिसत नाही ही माझ्या काट्याची मोठी खोड आहे, सावलीच लागते. आणि महिन्यातून एकदा पेंडीचं बंद पोतं लावून काटा तपासायचा, त्याच्यावर वजन छापलेलंच असतं. वजन सकाळी, चरायला सोडायच्या आधीच करायचं. चरून पाणी पिऊन आलेल्या मेंढीत दोन-तीन किलोचा फरक सहज पडतो.

कोकरांच्या बाबतीत तर या काट्यानं माझी पद्धतच बदलली. जन्मल्यावर वजन घेतो, मग दर आठवड्याला. ३ किलोच्या कोकराला पहिल्या दिवसात वजनाच्या साधारण दहावा हिस्सा म्हंजे ३०० मिलीच्या आसपास चीक पोटात जायला पाहिजे, थोडा थोडा करून, आणि पहिला चीक तासाभराच्या आत. आधी नुसतं पीत होतं एवढंच दिसायचं, किती पोटात गेलं ते कळत नव्हतं. आता आठवड्यात वजन हललं नाही की लगेच आईच्या सडाला हात लावून बघतो, एक बाजू कडक असली किंवा दूध कमी असलं तर दुसऱ्या मेंढीला लावतो. जुळी असली की हे फार लागतं. फलटणच्या निंबकर संस्थेच्या नारी सुवर्णा मेंढ्या पाळणाऱ्यांनी तर काटा घ्यावाच, त्यांच्यात जुळ्यांचं प्रमाणच जास्त.

विकताना पण फरक पडला. व्यापारी उक्तं, म्हंजे वजन न करता एकरकमी मागतो, पाठीवर हात फिरवून आकडा सांगतो. मी काही वाद घालत नाही, मला फक्त आपल्या एडक्याचं वजन माहीत असतं आणि त्यामुळं कुठं थांबायचं ते कळतं.

आता गन. २० मिलीची आहे, मागून नळी निघते ती पाठीवरच्या कॅनला जोडायची. पहिल्यांदा वापरताना आकड्यावर विश्वास ठेवू नका, १० मिलीवर लावून पाच वेळा मापाच्या पेल्यात सोडा, ५० मिली भरतंय का बघा. माझी नवीन असताना बरोबर होती, उन्हाळ्यानंतर कमी सोडायला लागली, आतलं रबर कडक झालं होतं. रबराचा सेट बदलला की परत बरोबर. म्हणून घेताना रबराचे वायसर सुटे मिळतात का हे विचारल्याशिवाय घेऊ नका, ते मिळत नसतील तर गन कितीही चकचकीत असो, सोडून द्या. वापर झाल्यावर कोमट पाणी दोन-तीनदा मारायचं, वाळवून रबराला थोडं खायचं तेल लावायचं आणि सावलीत ठेवायची. औषधाची बाटली चांगली हलवून घ्या, गाळ खाली बसतो, नाहीतर पहिल्या मेंढ्यांना पाणी आणि शेवटच्यांना गाळ अशी गत होते.

नळीचं टोक बोटानं चाचपून बघायचं, गुळगुळीत आणि गोल पाहिजे, धारेचं असलं तर घशाला जखम होते. पाजताना जबड्याच्या कोपऱ्यातून, जिथं दात नसतात तिथून घालायची, जिभेवरून मागं न्यायची आणि मेंढीनं गिळायला सुरुवात केली की हळू दाबायचं. मान वर ओढायची नाही! नाकाडं जमिनीला साधारण समांतर ठेवायचं. मान वर केली की औषध फुफ्फुसात जातं, मग ठसका, ताप आणि जनावर हातचं जातं. दोन महिन्यांच्या आतल्या कोकराला मी गन लावतच नाही, त्याला साधी सिरिंज बरी.

गन आहे म्हणून दर महिन्याला सगळ्या खांडाला पाजत सुटायचं नाही, हे मी सगळ्यांना सांगतो. रक्त पिणारा जंत पावसाळ्यात वाढतो. त्याला ओळखायला डोळ्याची खालची पापणी ओढून बघायची, लालबुंद असली तर ठीक, फिकट गुलाबी असली तर लक्ष ठेवायचं, पांढरी पडली तर ताबडतोब पाजायचं. दक्षिण आफ्रिकेत यासाठी फामाचा नावाचा पाच रंगांचा तक्ता काढलाय, त्यात १ म्हंजे लाल आणि ५ म्हंजे पांढरी. जबड्याखाली पाणी उतरून सूज आली असली तर मग वाट बघायचीच नाही. कोकराच्या लेंडीत भाताच्या शितासारखे तुकडे दिसले तर ते पट्टकृमीचे, त्याचं औषध डॉक्टरांना विचारून. शंका असली तर सकाळच्या ताज्या लेंड्या डबीत घालून दवाखान्यात तपासून घ्या, १९६२ नंबरला फोन केला तरी माहिती मिळते. आणि अल्बेंडाझोल गाभण मेंढीला पहिल्या महिन्यात द्यायचं नाही, म्हणून एडका कधी सोडला ती तारीख लिहून ठेवायची.

लोकर मशीनबद्दल थोडक्यात, आमच्यासारख्यांनी घेऊ नये. दख्खनीच्या लोकरीत माती, कुसळं, गोखरू भरलेलं असतं, पातं बोथट होतं, तापतं, सारखं तेल सोडावं लागतं आणि लाईट ऐन वेळी जाते. हातकातर चालवणारा कसबी माणूस मेंढी बसवून इतकी स्वच्छ कापतो की मशीनला ते जमत नाही, आणि जावळ, म्हंजे कोकराची पहिली लोकर, वेगळं काढायचं असलं, चांगल्या घोंगडीसाठी, तर त्याच्याच हातानं काढलेलं बरं. मशीनचा उपयोग मला एवढाच, जखमेभोवतीचे केस काढायला आणि व्यायच्या आधी कास नि शेपटीखालचा भाग मोकळा करायला.

एवढे पैसे खर्चायचे असतील तर मशीनच्या जागी खुरं छाटायची चांगली कात्री घ्या. पावसाळ्यात खुरं सडतात तेव्हा तीच लागते. छाटून १० लिटर पाण्यात १ किलो झिंक सल्फेट घालून त्यातून खांड चालवायचं. काही जण मोरचूद वापरतात, मी वापरत नाही, त्यात तांबं असतं आणि मेंढीला तांबं जास्त झालं की विषबाधा होते. याच कारणानं गाईचं मिनरल मिक्श्चर मेंढीला घालू नका, पुडीवर मेंढीसाठी लिहिलेलं असेल तेच घ्या.

खर्चाचं म्हणाल तर छोट्या खांडवाल्यांनी गन आणि काटा तिघा-चौघांत मिळून घेतला तरी चालतो, आम्ही पण दोन वाड्यांत एकच गन फिरवतो. फक्त एका खांडातून दुसऱ्या खांडात न्यायच्या आधी नळी उकळत्या पाण्यात नाही, जंतुनाशकात बुडवून धुवायची, उकळल्यावर प्लास्टिक वाकडं होतं, आणि तोंडाला फोड किंवा नाकातून पू असलेली मेंढी असली तर तिला सगळ्यात शेवटी, वेगळ्या सिरिंजनं पाजायचं.