अर्क काढायची तांब्याची १० लिटरची भट्टी, सहा महिन्यांनंतर: गुलाबाचं तेल निघतं का?

गुलाबजलासाठी पाचपैकी साडेचार तारे, तेलासाठी दोन. आणि दोनही मी उशिरा शहाणा झालो म्हणून.

घेताना हिशोबच केला नव्हता. दमास्क गुलाबाच्या साधारण ३ ते ४ हजार किलो फुलांतून जेमतेम १ किलो तेल निघतं. माझ्या भांड्यात एका खेपेला दीड किलो पाकळ्या आणि ६ लिटर पाणी मावतं. म्हणजे सगळं जमून आलं तरी अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. पहिल्या चार खेपांना गुलाबजलावर तवंगही धरला नाही. भट्टीला मनसोक्त शिव्या घातल्या.

चूक माझीच होती. सोबत आलेल्या जाळीवर पाकळ्या रचून खालून नुसती वाफ देत होतो. वाफ लागली की या पाकळ्या चिकटून त्यांचा लगदा होतो आणि वाफ कडेनं निसटते. गुलाब पाण्यातच मोकळा सोडायचा. जाळी लव्हेंडरसाठी ठेवा. शिवाय हौसेनं थंडाव्याच्या पाण्यात बर्फ टाकत होतो. गुलाबतेलात मेणासारखा अंश असतो, २० अंशांच्या आसपासच ते थिजायला लागतं. जे काही थेंब येत होते ते नळीतच बसत होते!

फुलं पहाटे, ऊन चढायच्या आत तोडलेली हवीत, हे तर आहेच. पण खरा फरक पडला तो तीन खेपांचं गुलाबजल साठवून तेच पुन्हा भट्टीत घातल्यावर. अरुंद मानेच्या बाटलीत पहिल्यांदा फिकट पिवळा तवंग दिसला. ड्रॉपरनं उचलला, मोजून सहा थेंब.

वास मधाळ, किंचित मसालेदार. ताज्या फुलाचा मात्र नाही. त्या वासातलं फिनाइल इथाइल अल्कोहोल पाण्यात विरघळतं, म्हणून ते बहुतांशी गुलाबजलातच राहतं. फुलाच्या जवळ जाणारा वास हवा असेल तर अ‍ॅब्सोल्यूट नावाचा अर्क: हेक्झेन या द्रावकानं आधी मेणकट गोळा काढायचा, त्याला काँक्रीट म्हणतात, मग त्यातून अल्कोहोलनं अर्क. हेक्झेन झटकन पेट घेतं, घरात हा उद्योग नको. पाकळ्या गोड्या तेलात भिजवून ठेवणं म्हणजे सुगंधी तेल झालं, अत्तरवाल्यांचं गुलाबतेल नव्हे.

तक्रार एकच. टोपणाचा सांधा गळतो. दर खेपेला कणकेचा लेप लावतो, आणि उकळी येईपर्यंत तिथून हलत नाही.