खोक्यातल्या मत्स्यालयाचा संच: खोकं घ्या, मासे आपले करा

शाळा सुरू झाल्या की बेळगावच्या स्टेशनरीच्या दुकानांत खोक्यात मत्स्यालय बनवण्याचा तयार संच दिसू लागतो. किंमत साधारण ३५० रुपये. आत ३६×२४×१२ सेंमीचं घडीचं खोकं, निळा जिलेटिन कागद, कार्डशीटवर छापलेले आठ प्राणी, चिकटवायचे डोळे, दोरा, डिंकाची नळी आणि चमकीची पुडी. तिसरी ते पाचवीच्या पाच मुलांना एक संच पुरतो, म्हणजे तीस मुलांच्या वर्गाला सहा लागतात. खोकं खरोखर चांगलं आहे. पुठ्ठा जाड आहे, खिडकी आधीच कापलेली आहे, त्यामुळे मुलांच्या हातात कटर द्यावा लागत नाही. छापील प्राणी मात्र जलचर शिकवायच्या कामाचे नाहीत.

ऑक्टोपसला सहाच हात, माशांच्या डोळ्यांना पापण्या. खऱ्या ऑक्टोपसला आठ हात असतात आणि रोहू-कटल्यासारख्या माशांना पापण्या नसतातच. डॉल्फिनची शेपटी माशासारखी उभी काढली आहे. ती आडवी असते आणि वरखाली हलते. मासा आणि पाण्यातला सस्तन प्राणी यांतला हा फरक मुलांना एका नजरेत कळला असता, तोच इथे पुसला गेलाय. शिवाय सगळे प्राणी समुद्रातले. मलप्रभा ज्यांच्या तालुक्यात कणकुंबीला उगम पावते, त्या खानापूरच्या मुलांनी प्रवाळापासून का सुरुवात करावी?

त्याऐवजी कटला, रोहू आणि मृगळ करा. हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले, पण आपल्याकडच्या तळ्यांत आणि जलाशयांतही सोडले जातात, बाजारातही मिळतात. तिघांना एकत्र वाढवता येतं, कारण ते पाण्याच्या वेगवेगळ्या थरांत खातात. कटल्याचं डोकं मोठं आणि तोंड वर वळलेलं, कारण तो पृष्ठभागाजवळ खातो. रोहू मधल्या थरात. त्याचा ओठ झालरीसारखा. मृगळ तळाशी खातो, त्याचं तोंड खालच्या बाजूला. चित्र काढताना तोंड नीट काढलं की मासा कुठे टांगायचा हे मुलं स्वतःच सांगतात.

प्रत्येक मासा १४ सेंमी लांब ठेवा, त्याहून मोठे झाले तर एकमेकांत अडकतात. पर सात मोजून लावा: पाठीवर एक, शेपटीचा एक, पोटाखाली मागे एक, कल्ल्यांच्या मागे एक जोडी आणि पोटावर एक जोडी. छापील माशांना तीनच आहेत. कल्ल्याचं झाकण अर्धगोल कापा, पण पुढची कड जोडलेली राहू द्या. खाली लाल क्रेप कागदाच्या चार बारीक पट्ट्या चिकटवा. झाकण बोटाने उचललं की लाल झालर दिसते. ती लाल का, तर तिथे रक्त पाण्यातला ऑक्सिजन घेतं. तोंड उघडतं तेव्हा झाकण मिटलेलं, तोंड मिटलं की झाकण उघडून पाणी बाहेर. हे दोन्ही हातांनी करून दाखवता येतं.

खवल्यांसाठी दीड सेंमीच्या चकत्या, एका बाजूला तीसेक लागतात. मुलं हमखास डोक्याकडून चिकटवायला घेतात आणि खवले उलटे पडतात. शेपटीकडून सुरुवात करा, कौलं वळचणीकडून लावत जातात तशी. प्रत्येक ओळ मागच्या ओळीवर अर्धी चढली पाहिजे.

संचातला जिलेटिन कागद अगदी खिडकीच्या मापाचा आहे, चिकटवायला कडच उरत नाही. चारही बाजूंनी एक सेंमी जास्त असलेला वेगळा घ्या. नळीतला पातळ डिंक त्याला लावू नका. हा कागद ओल शोषून फुगतो आणि सुरकुततो, जून-जुलैच्या हवेत तर डिंक दोन दिवस सुकत नाही. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप वापरा. मासा एका दोऱ्यावर टांगला की गरगर फिरतो आणि मुलांना त्याची पाठच दिसते. तीन सेंमी अंतरावर दोन दोरे बांधा. मागच्या भिंतीपासून तीन, सहा आणि नऊ सेंमीवर एकेक मासा टांगला की गुंतत नाहीत. तळाशी चाळलेली वाळू २०० ग्रॅम पुरे. जास्त घातली तर खोकं उचलताना तळ लोंबतो.

चमकी नको. हात धुताना ती गटारात आणि तिथून नाल्यात जाते, आणि आपण तर पाण्यातल्या जिवांचाच धडा घेतोय.

सूचनापत्र इंग्रजी आणि कन्नडमध्ये आहे, मराठी नाही. ही मोठी उणीव. पण नावांच्या चिठ्ठ्या दोन्ही भाषांत करायला हरकत नाही, मुलांना कन्नडचा तास असतोच: मासा म्हणजे मीनु, कल्ले म्हणजे किविरु. पराला कन्नडमध्ये ईजुरेक्के म्हणतात, पोहायचा पंख. मराठी 'पर' पाठ होत नसेल त्या मुलालाही हा शब्द लगेच उमगतो.

सहा संच परवडत नसतील तर एकच घ्या, आणि त्याची खिडकी बुटांच्या रिकाम्या खोक्यांवर गिरवून शिक्षकांनीच कापून द्या.