टॅबरनॅकल क्वायरचा 'जॉय': ख्रिसमस शो आवडला, आणि का आवडला

पीबीएस या अमेरिकेतल्या सार्वजनिक टीव्ही वाहिनीवर दर डिसेंबरला टॅबरनॅकल क्वायरचा, म्हणजे तिथल्या एका मोठ्या समूहगायक मंडळींचा, ख्रिसमस कॉन्सर्ट लागतो. त्यातला २०२४ चा 'जॉय' नावाचा बघितला नसेल तर शोधून बघाच, मी भेटेल त्याला हेच सांगत सुटलेय. रेकॉर्डिंग आदल्या डिसेंबरचं असतं, अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीच्या कॉन्फरन्स सेंटरमधलं, आणि ते सभागृह २१ हजार खुर्च्यांचं आहे, म्हणजे आपली नाट्यगृहं त्यात किती मावतील विचारूच नका.

हा क्वायर लॅटर-डे सेंट्स चर्चचा, म्हणजे ज्यांना लोक मॉर्मन म्हणतात त्या ख्रिस्ती पंथाचा; आधी क्वायरच्या नावातही 'मॉर्मन' होतं, २०१८ मध्ये काढलं. साधारण ३६० गायक आणि कोणालाच पगार नाही, सगळे आपापली नोकरी-संसार सांभाळून तालमीला येतात. मला वाटलं होतं एवढी माणसं म्हणजे नुसता दणदणाट असणार, पण खरी मजा ते हळू गातात तेव्हा आहे. आपल्याकडे समूहगान म्हणजे बहुतेक वेळा सगळे एकच चाल एकाच सुरात गाणार, इथे बायकांचे दोन आणि पुरुषांचे दोन असे चार तरी थर वेगवेगळे चालतात आणि तरी शब्द स्वच्छ कळतात. सासूबाई मध्येच म्हणाल्या, "अगं, हे लोक श्वास कधी घेतात?" तर सगळे एकदम घेतच नाहीत, लांबलेल्या सुरावर आळीपाळीने घेतात, म्हणून आवाज कुठे तुटत नाही. त्यानंतर सासूबाईंचं लक्ष गाण्यापेक्षा कोण कधी तोंड मिटतंय याच्यावरच.

पाहुणे दोन. मायकल मालियाकल म्हणजे ब्रॉडवेवर, न्यूयॉर्कच्या मोठ्या नाट्यगृहांत, २०२१ मध्ये अलादीन झालेला तो, आईवडील केरळचे, स्वतः वाढला न्यू जर्सीत. आपल्यासारखा चेहरा तिथे मधोमध उभा बघून बरं वाटतंच, खोटं कशाला बोलू, पण तेवढ्यावर मार्क देत नाहीये. आवाज बॅरिटोन, म्हणजे पुरुषांचा मधल्या पट्टीतला, पाश्चात्त्य शास्त्रीय पद्धतीने शिकलेला, आणि पाठीशी एवढा क्वायर असून तो ओरडत नाही की उगाच हरकती घेत नाही. पाहुणा गायक असा पाहिजे. नाहीतर टीव्हीवरच्या सणाच्या कार्यक्रमांत स्टार आला की बाकीचे सगळे मागचा पडदा होऊन जातात.

दुसरी पाहुणी लेस्ली निकोल, ती गोष्ट सांगते. 'डाउंटन अ‍ॅबी' या ब्रिटिश मालिकेतल्या स्वयंपाकीण मिसेस पॅटमोर, स्वयंपाकघर डोक्यावर घेणाऱ्या, त्याच त्या. गोष्ट फ्रेंच लेखक व्हिक्टर ह्यूगोची, फ्रान्समधून परागंदा होऊन गर्न्सी बेटावर राहत असताना तो गरीब पोरांना घरी बोलावून जेवू घालायचा त्याची. स्वयंपाकीणबाईंच्या तोंडून जेवणावळीची गोष्ट, निवड कोणाची होती त्याला सलाम. फक्त थोडी लांबते बुवा. बाई छान बोलतात म्हणून निभावलं, पण क्वायर मागे गप्प बसलाय आणि आपण वाट बघतोय असं होतं. नाचही मला जरा जास्तच वाटला, कॅमेरा नाचणाऱ्यांवर गेला की गाणाऱ्यांचे चेहरे हुकतात, आणि मला तेच बघायचे असतात.

रिचर्ड इलियट यात ऑर्गनवर, म्हणजे पाइपांतून हवा सोडून वाजणाऱ्या अजस्र पेटीवर, एक सोलो वाजवतात, तो मात्र अजिबात चुकवू नका. एकावर एक पाच कीबोर्ड, सात हजारांवर पाइप, आणि खाली पायाने वेगळंच चाललेलं असतं. शेवटचं कॅरोल, म्हणजे ख्रिसमसचं गाणं, दरवर्षी ठरलेलं, 'एंजल्स फ्रॉम द रेल्म्स ऑफ ग्लोरी', क्वायर, ऑर्केस्ट्रा, घंटावाले सगळे मिळून, आणि तिथे आवाज जेवढा वाढवता येईल तेवढा वाढवा. टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवर यातलं निम्मं कळणार नाही, साउंडबार नाहीतर बरे हेडफोन पाहिजेतच.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर तिकीट फुकट आहे पण लॉटरीत नंबर लागावा लागतो. आणि पोरांना सोबत बसवणार असाल तर ऑर्गनपासून सुरू करा, गोष्ट नंतर दाखवा.