बँजो सुरात आला, काशाचं कडं गेलं

आधी आकडे. ४४० डॉलर बँजो दुरुस्त करणाऱ्या माणसाला दिले, १२६ कोर्टात घातले, आणि बँजोच्या पोटातलं कडं गेलं ते वेगळंच. घरात हा विषय काढायची सोय राहिलेली नाही.

बँजो म्हणजे आपल्या मिरवणुकीतला बटणांचा नव्हे. पाच तारांचा, अमेरिकन. प्रसिद्ध बँजोवादक अर्ल स्क्रग्ज मूळचे इथले, नॉर्थ कॅरोलिनाचे. इथे राहून कानाला चटक लागली आणि एक जुना बँजो घेतला. बाराव्या पडद्यापाशी (पडदा म्हणजे दांडीवरची आडवी पट्टी) तारा पाव इंच वर, म्हणजे हव्यात त्याच्या दुप्पट उंच. बोटं सोलून निघायची. आवाज घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा.

जाहिरात बघून एकाकडे नेला. सेटअपचे, म्हणजे सगळं जुळवून वाद्य लावून द्यायचे १४०, नवी पुडी (तबल्यासारखं वरचं ताणलेलं आवरण) ३५, नवी घोडी (तारा टेकतात ती) ४०. इथवर भाव रास्तच होता. तिसऱ्या दिवशी फोन: टोन रिंग लाकडावर नीट बसलेली नाही, लाकूड तासून बसवावी लागेल, २२५ होतील. ही रिंग म्हणजे पुडीखालचं काशाचं ओतीव कडं, तीनेक पाउंडांचं. सगळा नाद त्याच्यावर. ते सैल असलं की आवाज मरतो हे खरंच आहे, म्हणून हो म्हणालो. तुम्हीही म्हणाला असतात. (जुना भाग काढणार असतील तर आधी त्याचा फोटो मागा. मी मागितला नाही.)

नऊ दिवसांनी आणायला गेलो. पुडीवर टिचकी मारली, बरोबर काळी चार. तारा खाली आलेल्या, बाराव्या पडद्यावरचा सूर दाबूनही तोच, नुसता स्पर्श करूनही तोच. वीस वर्षं तबला लावतोय, कानाला कळतं ते सगळं तपासलं. मग बँजोची पेटी उचलली आणि हात भसकन वर गेला, भरलेली समजून रिकामी बादली उचलावी तसा.

तिथेच थांबायला हवं होतं. मागचं झाकण चार स्क्रूंवर असतं, हाताने फिरतात, दोन मिनिटांचं काम. पण त्याच्यासमोर उघडून बघायचं म्हणजे त्याला चोर म्हटल्यासारखं, असं वाटलं. अहो, चोरच होता तो! नऊ दिवस उचलला नाही म्हणून हलका लागला असेल, अशी मीच माझी समजूत घातली, वर आभार मानून आलो.

तीन आठवड्यांनी वाजवायला जमलो असताना एका म्हाताऱ्याने बँजो हातात घेतला आणि विचारलं, ॲल्युमिनियमची रिंग का घातलीस? विकणाऱ्याने वजन साडेअकरा पाउंड लिहिलं होतं. घरच्या काट्यावर भरलं साडेनऊ. (द्यायच्या आधी काट्यावर ठेवा. काटा दिसेल असा फोटो काढा.)

पोलीस म्हणाले, हा दिवाणी मामला. बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतःच्या हाताने पाठवलेत. फोनवरून पाठवलेले, परत येत नाहीत. कार्डाने दिले असते तर निदान भांडता आलं असतं. मग छोट्या दाव्यांच्या कोर्टात ९६ डॉलर भरले, समन्स पोचवायला शेरीफचे, म्हणजे काउंटीच्या पोलीस अधिकाऱ्याचे ३०. आठवड्याने कागद परत: त्या पत्त्यावर कुणी राहत नाही. मी विचारलं, शोधणार कोण? कोर्टातल्या बाई म्हणाल्या, दावा तुमचा आहे. म्हणजे चोर मी शोधायचा, पत्ता मी आणायचा, फी मी भरायची, आणि हे लोक शिक्का मारणार. ओळखीच्या एका वकिलाने तर विचारलं, एका कड्यासाठी एवढं? हो, एका कड्यासाठी. तसं नवं घ्यायचं तर चार-पाचशे डॉलर पडतात.

गेल्या आठवड्यात त्याची जाहिरात पुन्हा दिसली. नाव नवं, नंबर नवा, फोटोतलं टेबल तेच. शेरीफच्या ऑफिसला लगेच फोन केला. म्हणाले, पत्ता मिळाला की या, आणि ३० डॉलर पुन्हा भरावे लागतील.