रॅम घ्यायच्या आधी कॅबिनेट घेऊन जावा (सोलापूर, नवी पेठेतलं कॉम्प्युटरचं दुकान, 4 स्टार)

चार स्टार देतोय, पाचवा का कापला ते खाली येईलच.

माझं काम टॉवेलच्या डिझाइनचं, पूर्व भागात घरीच बसून करतो. जेकार्डचं (विणकामातल्या नक्षीचं) सॉफ्टवेअर उघडं, शेजारी फोटोशॉप, वर ब्राउझरमध्ये कारखानदारांनी पाठवलेले पन्नास फोटो, आणि हे सगळं चालणार कशावर तर इंटेलचा आय 5 3470 प्रोसेसर, एच 61 चा मदरबोर्ड आणि रॅमची 4 जीबीची एकच स्टिक. मोठी फाइल उघडली की निळा गोल फिरत बसायचा, तोवर मी खाली जाऊन चहा पिऊन यायचो. मित्राला विचारलं तर म्हणाला, "रॅम टाक की बे, डीडीआर 3 लिहिलेली कुठलीपण घे, रॅम रॅमच असते."

घेतली. ऑनलाइन, 8 जीबी, 899 रुपये. खाच बरोबर जुळली, दोन्हीकडचे क्लिप टक् टक् बसले, बटण दाबलं, पंखा फिरला आणि स्क्रीन काळीच्या काळी. काढली, खोडरबरनं सोनेरी पट्टी घासली, स्लॉट बदलला, तरी नुसतं टूं टूं टूं. जुनी घातली की लगेच चालू. विकणाऱ्याला मेसेज केला तर म्हणे आम्ही टेस्ट करूनच पाठवतो, तुमचा बोर्ड गेला असेल. अरे बोर्ड गेला असता तर जुनी स्टिक कशावर चालली, भाकरीवर? रिटर्नच्या दोन दिवस आधी हे उत्तर आलं आणि मी त्याच्याशी भांडत बसलो तोवर मुदत संपली, ती चूक माझी.

मग ह्या दुकानाला फोन केला. दुकानदार अण्णांचा पहिला प्रश्न भाव-बिव नाही, "मालक, बोर्ड कुठला?" मी म्हटलं डीडीआर 3. ते म्हणाले ते स्लॉटचं झालं, बोर्ड कुठला ते सांगा, नाहीतर कॅबिनेटच घेऊन या. आणलं मग, स्कूटीवर पायाशी ठेवून, भर उन्हात.

झाकण काढल्यावर आतनं कापसाचे तंतू निघाले मूठभर (आमच्या गल्लीत दोन्ही बाजूला माग आहेत, काय करणार), ते त्यांनी ब्लोअरनं उडवले, पैसे न घेता. मग माझी ती ऑनलाइनवाली स्टिक हातात घेतली आणि नुसती उलटी केली. एका बाजूला आठ काळ्या चिप, दुसरी बाजू कोरी. म्हणाले, आठ चिपांत 8 जीबी म्हणजे एक चिप 1 जीबीची झाली, तुमच्या तिसऱ्या जनरेशनच्या प्रोसेसरला अर्ध्या जीबीच्या वरची चिप ओळखताच येत नाय. त्याला 8 जीबी पायजे असेल तर सोळा चिपवाली स्टिक लागते, आठ ह्या बाजूला आठ त्या बाजूला, तिच्या स्टिकरवर 1आरएक्स8 नसतं, 2आरएक्स8 लिहिलेलं असतं. मी स्टिकर बघितलं, बारीक अक्षरात 1आरएक्स8. एवढ्याशा आकड्यात माझे 899 गेले. चौथ्या जनरेशनलापण हीच अडचण आहे म्हणे, म्हणजे एच 81 बोर्डवाल्यांनीपण बघून घ्या.

अजून एक सांगितलं, काही स्वस्त डीडीआर 3 स्टिक फक्त एएमडी प्रोसेसरच्या बोर्डावरच चालतात, आणि सर्व्हरमधनं काढलेली ईसीसी रजिस्टर्ड रॅमपण लोक साधी म्हणून खपवतात, ती आपल्या घरच्या बोर्डाला लागत नाय. मी होतो तेवढ्या वेळात एक पोरगं लॅपटॉपची आखूड स्टिक घेऊन आलं डेस्कटॉपला लावायला, म्हणजे येडा मी एकटाच नव्हतो.

मला खरं आवडलं ते पुढचं. मी म्हटलं दोन द्या, 8 आणि 8. त्यांनी माझीच फाइल उघडायला लावली, टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचं पान दाखवलं, विंडोज 64 बिटच आहे ना ते तपासलं (32 वर 4 जीबीच्या पुढची रॅम घालून उपयोग शून्य), आणि म्हणाले एकच घ्या, जुनी 4 ची राहू दे, 12 मध्ये तुमचं भागतंय. जुनी 1333 स्पीडची आहे म्हणून नवी 1600 ची पण 1333 नंच पळणार, पण ते तुम्हाला कळणारसुद्धा नाय. आणि रॅम टाकली म्हणून विंडोज लवकर चालू होईल असं डोक्यात ठेवू नका, ते काम एसएसडीचं, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी लावतात त्या वेगवान ड्राइव्हचं. गिऱ्हाईक दोन मागतंय आणि दुकानदार एकच विकतोय, असं आजकाल कुठं बघायला मिळतं.

स्टिक जुनीच घेतली, तपासलेली, 950 ला. नवीन रॅमचे भाव 2025 च्या शेवटापासून चढलेत, कंपन्या माल एआयच्या डेटा सेंटरकडं वळवतायत, आणि डीडीआर 3 तसंही आता जुन्याच बाजारात बघावं लागतं. घरी आल्यावर रात्रभर मेमटेस्ट 86 (रॅम तपासायचं सॉफ्टवेअर) लावून ठेवला, सकाळी एरर शून्य. जी फाइल उघडताना चहा व्हायचा ती आता कप हातात घ्यायच्या आत उघडते.

आता कापलेला स्टार. गाडी लावायला जागा नाय, मी कॅबिनेट काखेत घेऊन पूर्ण गल्ली चाललो. दुकानात टेस्ट केली ती जेमतेम वीस मिनिटं, म्हणून घरी रात्रभर लावावी लागली. वॉरंटी तीन महिने, ती पण बिलाच्या मागं पेनानं लिहून, शिक्का मागितला तर अण्णा हसले. आणि दुपारी फोन उचलत नाहीत, दोन ते चार तिकडं जाऊच नका.

ती ऑनलाइनवाली स्टिक अजून ड्रॉवरमध्ये आहे. स्टिकरवर 1.35 व्होल्ट लिहिलंय, म्हणजे डीडीआर 3एल, कमी व्होल्टेजवाली. सहाव्या जनरेशनचा डीडीआर 3एलवाला बोर्ड कुणाकडं असेल तर सांगा, आधी लावून बघा, चालली तर पाचशे द्या.