घरच्या वायरगार्डवरून बाहेरचं वायफाय: बरेच महिने वापरल्यावर

कामानिमित्त सारखी पळापळ असते, लॅपटॉप कधी स्टेशनच्या वायफायवर तर कधी हॉटेलच्या, म्हणून विकतचा व्हीपीएन (आपलं नेट कुलूपबंद करून दुसऱ्याच्या सर्व्हरमार्गे नेणारी सेवा) न घेता घरी पडून असलेल्या रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर वायरगार्ड हे व्हीपीएन सॉफ्टवेअर टाकलं, म्हणजे बाहेर असताना लॅपटॉपचं नेट आधी घरी येतं आणि तिथून पुढे जातं.

आधीच सांगतो, व्हीपीएनच्या जाहिरातीत घाबरवतात तेवढं आता राहिलेलं नाही. 2010 ला फायरशीप हे फायरफॉक्सचं एक्स्टेंशन आलं तेव्हा खरंच त्याच वायफायवरच्या माणसाचं फेसबुक उघडता यायचं, आता बहुतेक साइट एचटीटीपीएसवर आहेत, म्हणजे मधल्या माणसाला मजकूर वाचता येत नाही. तरी तुम्ही कुठल्या साइटवर जाताय ते वायफायवाल्याला बऱ्याचदा कळतंच, शिवाय त्याच नावाचं खोटं वायफाय कोणीही उभं करू शकतं, टनेल (लॅपटॉपपासून घरापर्यंतचा हा बंद मार्ग) लागतं ते त्यासाठी.

कनेक्ट व्हायला क्षणभर लागतो, नेटवर्क बदललं तरी आपलं आपण चालू राहतं. आणि आयपी (नेटवरचा पत्ता) घरचाच दिसतो, त्यामुळे विकतच्या व्हीपीएनवर पानोपानी 'मी रोबोट नाही'वाला कॅप्चा यायचा तो गेला, बँकेची साइटपण कटकट करत नाही.

खरा वैताग वायफायच्या लॉगिन पेजचा. विंडोजवर वायरगार्डमध्ये 'ब्लॉक अनटनेल्ड ट्रॅफिक'ची (टनेलबाहेरचं सगळं अडवा) टिक ठेवली की हॉटेलचं ते रूम नंबर-आडनाव टाकायचं पेज उघडतच नाही, मग टनेल बंद करा, लॉगिन करा, परत चालू करा, आणि नेमकं त्या मधल्या वेळात मेल, ड्राइव्ह, चॅट सगळं उघड्या वायफायवर धावत सुटतं. मी आता ते सगळं बंद करूनच लॉगिन करतो, आणि विंडोजने विचारलं तर नेटवर्क 'पब्लिक'च ठेवतो. काही हॉटेलांत यूडीपीच (वायरगार्ड ज्या पद्धतीने डेटा पाठवतं ती) अडवलेलं असतं. वायरगार्डचा नेहमीचा 51820 पोर्ट सोडून 443 वर आणलं तर कधी चालतं, कधी नाही, नाही चाललं की सरळ मोबाइलचा हॉटस्पॉट, डोकं लावत बसायचं नाही. कनेक्ट होऊनही साइट अर्धवटच उघडत असतील तर वायरगार्डच्या सेटिंगमध्ये एमटीयू (एका पाकिटात किती डेटा जाईल ती मर्यादा) 1280 करून बघा.

स्पीड घरच्या अपलोडइतकाच मिळणार हे धरून चाला. आणि घरची लाइट गेली की खेळ खलास, म्हणून राउटर आणि रास्पबेरी पाय दोन्ही इन्व्हर्टरवर घेतलेत.

सेटअपच्या आधी नेटवाल्याला विचारा पब्लिक आयपी (बाहेरून थेट पोचता येईल असा पत्ता) मिळतो का, कारण बऱ्याच ठिकाणी सीजीनॅट (अनेक घरांना मिळून एकच पब्लिक आयपी) असतं, मग बाहेरून घरी पोचताच येत नाही, एकतर स्टॅटिक (कायमच्या) आयपीचे पैसे भरा नाहीतर छोटा व्हीपीएस (नेटवरचा सर्व्हर) भाड्याने घ्या.